जाळीवरचा म

आमच्या धंद्यात गट या शब्दाचा अर्थ आतडं असा होता. टेनिसच्या रॅकेटमध्ये जी जाळी विणतात ती त्या काळी मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तारेची असायची. तिला गट म्हणायचे आणि ती बसवायच्या कामाला गटिंग. गिरगावातल्या ज्या दुकानात मी हे काम करायचो तिथे दारावर पाटीच होती, 'येथे रॅकेटचे गटिंग करून मिळेल.' संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. जो तो दुसऱ्याला तू कोणत्या गटाचा म्हणून विचारत होता. मला कोणी विचारलं तर मी सांगायचो, मेंढीच्या. लोक हसायचे. मी काही विनोदी माणूस नाही, पण तेवढा एक विनोद मला परवडत होता.

दुकानाच्या पुढच्या भागात काचेची कपाटं होती. त्यांत बॅटी, कॅरमच्या सोंगट्या, शाळांना लागणारी लेझमं. तिथे मालक आणि त्यांचा भाचा बसत. मागे एक खोली होती, तिला उजेडापुरता एक झरोका, आणि तिथे मी, रॅकेट आवळून धरायचा शिकंजा, आरी आणि गटाची भेंडोळी. पुढचं कोणी मागे येऊन गटाला हात लावत नसे. कितीही साफ केलेलं असलं तरी शेवटी आतडंच ते, ओलं झालं की वास मारतं. माझ्याआधी मालकांनी गिरगावातली माणसं ठेवून पाहिली होती, ती टिकली नव्हती. मग कोणीतरी त्यांना सांगितलं, डिलाईल रोडच्या चाळीत एक मॅट्रिकपर्यंत शिकलेला तरुण आहे, हात चांगला आहे, आणि त्या लोकांना अशा कामाचं काही वाटत नाही.

मला वाटत होतं. सुरुवातीला घरी गेल्यावर घास उतरायचा नाही. पण ते विचारावं असं कोणाला सुचलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण नोकरी हवी होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी सोपा निष्कर्ष काढून मोकळं होऊ नये. त्या दुकानात माझा कप वेगळा नव्हता. मालक माझ्याबरोबर चहा प्यायचे, माझ्या डब्यातल्या बोंबलाच्या चटणीवर ताव मारायचे, आणि घरी सांगू नकोस म्हणायचे, ते चटणीच्या बाबतीत. माणूस दिलदार होता. फाउंटनच्या बाजूला लाठीमार झाला तेव्हा त्यांच्या कपाळावर खोक पडली होती आणि तिचा वण ते टोपी मागे सरकवून सगळ्यांना दाखवायचे. दादरच्या सभेला गेले की दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायचे, पण चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला बरं वाटावं.

आणि त्यांचा एक शब्द होता. आपण. आपण मुंबई घेणार, आपण मागे हटणार नाही, आपण मराठी माणसं. मराठीत आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि आपण म्हटलं की तो आत येतो, हे बोलायला लागलेल्या पोरालाही कळतं. मालक माझ्याकडे बघून आपण म्हणायचे. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा दीड-दोन वर्षंच झाली होती. त्याआधी पिढ्यान् पिढ्या आम्हाला कोणी आपण म्हटलं नव्हतं. मी त्या शब्दावर भाळलो, आणि याचा मला आजही राग येतो. मालकांचा नाही, माझा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गिरणीत रिंगखात्यात होते. सूत काढायचं काम. पैसा आणि मान होता तो साचेखात्यात, कापड विणण्यात, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. आमचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा कोण तोंड लावणार? आबांनी जन्मभर सूत काढलं आणि भिंतीपलीकडे साचे खडखडताना ऐकले. त्यांना विणायची फार हौस होती. मी गटिंग शिकलो तेव्हा आई नाक मुरडायची, पण आबा एका रविवारी मुद्दाम दुकानात आले, मागच्या खोलीत उभे राहिले आणि मी उभ्या तारांतून आडवी तार एक वरून एक खालून घालतो ते बघत राहिले. जाताना म्हणाले, "हे तर इणणंच हाय की." त्यानंतर चाळीत ते सांगू लागले, आमचा पोरगा विणकर आहे. कशाचं विणतो ते सांगत नसत.

तर अशात मालकांना जिमखान्याचं काम मिळालं. समुद्राकाठच्या एका जिमखान्यात दर हिवाळ्यात टेनिसचे मोठे सामने व्हायचे. त्या वर्षी तिथल्या सेक्रेटरींनी ठरवलं की खेळताना गट तुटला तर रॅकेट तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळावी, आणि त्यासाठी मैदानाच्या कडेला एक टेबल आमच्या दुकानाला द्यावं. वर मांडव, टेबलावर पांढरं कापड, समोर खुर्च्यांवर डॉक्टर, सॉलिसिटर, गिरणीमालक. मालकांनी मला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, टेबलाशी तू बसायचंस. लोकांना दिसू दे आपलं काम.

मी घरी सांगितलं. आबांनी विचारलं, पुढं बसणार का मागं? मी म्हटलं, अगदी पुढे, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी आई हिंदमाताला जाऊन माझ्या सदऱ्यासाठी पांढरं कापड घेऊन आली, आमच्या घरात लग्नाशिवाय घेतलं नसतं असं. आबांनी मुकादमाकडे रजा टाकली. जिमखान्यात त्यांना कोण आत सोडणार, पण कुंपणाबाहेर फुटपाथवर उभं राहून बघायला बंदी नव्हती. मुलगा विणताना सगळी मुंबई बघणार, ते आपण एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. माझीही तीच होती. मोर्चाला मी जायचो, घोषणाही द्यायचो, पण खरं सांगायचं तर त्या वर्षी मला राज्यापेक्षा ते टेबल जास्त हवं होतं.

मालकांच्या डोक्यातून मग आणखी एक कल्पना निघाली. दुकानाची पाटी दुकानावर असून काय उपयोग, ती रॅकेटच्या जाळीवर पाहिजे. आपण गट घातलेल्या प्रत्येक रॅकेटच्या तारांवर दुकानाची खूण उमटवायची. वर्तमानपत्राचे फोटोवाले येणार, खेळाडूचा फोटो आला की खूणही आली. दुकानाचं नाव म वरून सुरू व्हायचं. त्यामुळे खूण म हीच ठरली. मालक खूश झाले. म मुंबईचा, म मराठीचा, म महाराष्ट्राचा, असं ते हाताची बोटं मोडत सांगायचे. आणखी एका शब्दाचा म होता, तो आम्ही नुकताच मागे टाकून आलो होतो. तो त्यांनी मोजला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

म कापायचं काम माझं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा घेतला आणि त्यात अक्षर कोरलं. म ला डाव्या बाजूला गाठ असते. कोरताना तिच्या मधला तुकडा निसटून पडतो आणि मग भलताच ठिपका उमटतो. म्हणून एक बारीक पट्टी सोडून तो तुकडा धरून ठेवावा लागतो. पहिले पत्रे वाया गेले. शेवटी जमला. पत्रा जाळीवर ठेवायचा, वरून शाईचा बोळा थोपटायचा, पत्रा उचलला की तारांवर म. जवळून नुसते तुटक ठिपके दिसायचे, पण चार पावलं मागे गेलं की अक्षर दिसायचं. शाई पाण्याची चालत नाही. पाणी लागलं की गट फुगतो, आणि शाईही फुटून पसरते. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून त्यात रंगाची पूड घालायची. ती वाळते पटकन आणि धरून राहते.

प्रश्न फक्त रंगाचा उरला. मला वाटलं होतं ते काम चहा पिता पिता उरकेल.

पहिला काळा. तो गटाच्या पिवळसर तारेवर सगळ्यांत उठून दिसत होता. पण तेव्हा चेंडू पांढरे असत, आणि काळी शाई चेंडूला लागून तो मळत होता. शिवाय बक्षिसं द्यायला एक मंत्री येणार होते, द्विभाषिक राज्याचे. त्यांना मुंबईत जिथे तिथे काळी निशाणं दाखवत होते. त्यांच्यासमोर काळा म नाचवायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं मालक म्हणाले. मग तांबडा. जिमखान्याचे अध्यक्ष गिरणीमालक होते. लाल बावटा बघून त्यांना ताप यायचा, मग लाल जाळी बघून काय होईल? तांबडा बाद झाला. हिरव्यावर भाच्याने नुसतं नाक वर केलं आणि कारण कोणी विचारलं नाही. पांढरा दिसतच नव्हता. भगव्याची बाटली मात्र मालकांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. मनातून त्यांना तोच हवा होता. पण मंत्र्यांसमोर भगवा म्हणजे समितीचा झेंडाच रोवल्यासारखं, आणि पुढच्या वर्षीचं काम जायचं. जिवाचं रान करू म्हणणारा हा माणूस एका बाटलीपाशी अडला. त्याचं मला तेव्हा हसू आलं.

राहिला निळा. तो मीच केला होता. रंगवाल्याकडून पूड आणून, चपड्याचं प्रमाण बदलून बदलून. जुन्या रॅकेटवर तो उमटवून मी चाळीच्या भिंतीवर चेंडू मारून पाहिला होता. चेंडू कोरा राहत होता आणि म जागचा हलत नव्हता. मालकांनी रॅकेट उजेडात धरून बघितली, डोळे बारीक केले, मागे सरकले आणि म्हणाले, झकास. हा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आभाळाचा रंग. ठरलं.

मी त्या संध्याकाळी गिरगावातून डिलाईल रोडपर्यंत चालत घरी गेलो. बसचे पैसे होते, पण बसावंसं वाटेना. निळा रंग आमच्यासाठी काय आहे हे मी सांगायला नको. मोर्चांत भगव्याच्या आणि लालच्या बरोबरीने आमचं निळं निशाण असायचं. तेव्हा सगळे म्हणायचे, बघा, एकजूट. आता तोच रंग जिमखान्याच्या जाळीवर येणार आणि जाळी विणणारा मी. आबांना सांगितलं तर त्यांनी हातातला तंबाखू तसाच धरून ठेवला. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको, एवढंच म्हणाले.

सामन्यांच्या आदल्या आठवड्यात मालक मागच्या खोलीत आले. ते सहसा येत नसत. उभे राहिले, गटाचं भेंडोळं बघितलं, हवेबद्दल बोलले, आबांची चौकशी केली. ताकाला येऊन भांडं लपवणं चाललंय हे मला कळत होतं, पण भांडं कसलं ते कळेना. शेवटी म्हणाले, भाच्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. निळा रंग चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो तुमचा आहे ना.

मी आरी खाली ठेवली. तुमचा. इतकी वर्षं मी आपण मध्ये होतो, आणि तुमचा म्हणताच चटकन बाहेर आलो.

ते पुढे सांगत राहिले, अगदी समजुतीच्या सुरात. नुसता निळा म असता तर शाई म्हणून खपून गेला असता. नुसता तू टेबलाशी असतास तरी हरकत नव्हती, तू नीटनेटका आहेस, कोणाला काही कळत नाही. पण निळा म आणि वर तू बसलेला, असं दोन्ही एकदम झालं की लोक दोन आणि दोन चार करणार. उद्या गिरगावात बोलतील, हे दुकान त्यांचं झालं म्हणून. "आम्हाला इथेच धंदा करायचा आहे रे. दोन्हीतलं एक काय ते तूच ठरव. मी तुझ्यावर सोडतो."

आम्हाला. तो शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. आणि निवड माझ्यावर सोडली याचं त्यांना समाधान वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कोणावर लादायचं नाही, हे त्यांचं तत्त्वच होतं.

मला रात्रभर विचार करावा लागला असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. मी तिथेच उत्तर दिलं. टेबल माझ्या एकट्याचं होतं, रंग सगळ्यांचा होता. मी म्हटलं, रंग ठेवा. मालकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, मला माहीत होतं, तू शहाणा आहेस. टेबलाशी भाचा बसेल असं ठरलं. तो रॅकेटी घेणार, सायकलवरून दुकानात पाठवणार, मी मागच्या खोलीत गट घालून परत पाठवणार आणि तो लोकांसमोर वरून म उमटवून देणार. पत्रा आणि निळ्या शाईची बाटली मी माझ्या हाताने फडक्यात बांधून त्याच्याकडे दिली.

घरी मी आबांना सांगितलं की मी बसणार नाही, पण म निळा असणार. टेबलाचं कारण इंग्रजीवर ढकललं. भाच्याला फाडफाड येतं, मला तेवढं येत नाही. आईने सदरा घडी करून पेटीत ठेवला. आबा म्हणाले, रजा टाकलीय तर जातोच. तू नाही तर नाही, रंग तर बघू.

सामन्यांच्या दिवशी मी झरोक्याखाली बसून रॅकेटी विणल्या. बऱ्याच आल्या. जिमखान्यातली माणसं जोरात मारायची, गट फार तुटायचे. प्रत्येक रॅकेट परत पाठवताना मनात यायचं, आता हिच्यावर निळा म चढेल आणि कुंपणाबाहेरून आबांना दिसेल. टेबलाचं दुःख होतंच. पण त्या दिवशी ते मला सोसत होतं, कारण त्याच्या बदल्यात काहीतरी मिळालं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर आबा आधीच आलेले. धुतलेलं धोतर अजून अंगावर, टोपी गुडघ्यावर. मी विचारलं, दिसला का?

"दिसला की," ते म्हणाले. "निळाच हुता. लांबनं बी दिसत हुता." मग आईकडे वळून त्यांनी भाकरी मागितली आणि जेवताना शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं. केवढाले लोक, काय ती हिरवळ, आणि बॅट वर गेली की निळा म कसा लखलखायचा. मला फार बरं वाटलं. आईने मला आग्रहाने वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून पहिली रॅकेट आली. आदल्या दिवशी मीच गट घातलेली, एक तार तुटून परत आलेली. मी ती पिशवीतून काढली. तिच्यावर भगवा म होता.

दुसऱ्या रॅकेटवरही भगवा, तिसऱ्यावरही. निळा एकाही रॅकेटवर नव्हता. पत्रा माझाच, गाठीतली बारीक पट्टीसुद्धा नीट उमटलेली, फक्त शाई दुसरी. मालक तेवढ्यात पुढे आले होते, जिमखान्याकडे निघायच्या आधी. मी रॅकेट घेऊन पुढे गेलो आणि काचेच्या कपाटावर ठेवली.  त्यांनी रॅकेटकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चक्क हसले. चोरी उघडी पडल्याचं ते हसू नव्हतं. चांगली बातमी सांगायची राहून गेली असावी तसं ते हसले. म्हणाले, अरे, तुला कळलं नाही का? निदर्शनांच्या भीतीने मंत्र्यांनी ऐनवेळी येणंच रद्द केलं. "मग म्हटलं, आता भ्यायचं कोणाला? आपला रंग लावू या."

"आपला म्हणजे कोणाचा?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. खरोखरच कळला नाही. त्यांनी टोपी मागे सरकवली, तो वण दिसला, आणि ते म्हणाले, "आपला म्हणजे आपला रे."

यावर मी काहीतरी जोरदार बोललो आणि नोकरी तोंडावर फेकून बाहेर पडलो, असं सांगायला मला आवडलं असतं. मी मागे गेलो आणि रॅकेट शिकंज्यात आवळली. एक तार तुटली होती तरी मी सगळी जाळी कापून काढली, मधोमध कात्री घालून. आवळलेला गट कापला की सटकन आवाज होतो आणि दोन्ही बाजूंनी तो मागे उडतो. म जमिनीवर पडला, त्याचे भगवे ठिपके खोलीभर झाले. मग मी नवा गट घातला, कारण दुपारी रॅकेट परत द्यायची होती. त्यानंतरही मी त्या दुकानात राहिलो. चाळीत दुसरी नोकरी कुठे टांगलेली नव्हती.

मला मालकांचा राग येतो तो त्यांनी फसवलं म्हणून नाही. फसवणाऱ्या माणसाला आपण फसवतोय हे ठाऊक असतं. या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या आपण मध्ये आम्ही होतो, डोकी मोजायची असली की, लाठी खायची असली की. रंग लावायची वेळ आली की आम्ही नव्हतो. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्य मेला हे कोणाच्या गावीही नव्हतं.

त्याहून मला खात होतं ते आबांचं. ते फुटपाथवर उभे राहिले, सगळा दिवस बघत राहिले, जाळीवर भगवा म बघितला, आणि घरी येऊन निळा दिसला म्हणाले. मला काय वाटेल म्हणून. मी त्यांना कधी सांगितलं नाही की मला कळलंय. काय सांगणार? त्यांनी मला वाचवायला जे धरून ठेवलं होतं ते मी सोडवून घेतलं असतं तर त्यांच्याकडे काय राहिलं असतं?

सामने संपल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला. जिंकलेला खेळाडू रॅकेट उंच धरून उभा, आणि जाळीवर म. मालकांनी तो काचेत घालून दुकानात लावला आणि एक प्रत मला दिली, घरी दाखव म्हणून. फोटो छापलेला, त्यात सगळेच रंग काळे. आबांनी तो भाताच्या खळीने भिंतीवर चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट लावून दाखवायचे, हा म निळा आहे. लोक विचारायचे, कशावरून? आबा म्हणायचे, मी तिथं होतो. फोटो त्यांच्याविरुद्ध काही बोलू शकत नव्हता, आणि मी बोलत नव्हतो. कोणी माझ्याकडे वळून खरं का म्हणून विचारलं की मी मान हलवायचो.

दोन वर्षांनी राज्य आलं. मुंबईसकट आलं. दुकानात मालकांनी पेढे वाटले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खरे होते, त्याबद्दल मला शंका नाही. मला मिठी मारून ते म्हणाले, आपलं राज्य. मी पेढा घेतला. कोणाचं हे त्या दिवशी मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

डिलाईल रोडला सगळ्या चाळींवर पताका लागल्या होत्या, खालच्या मैदानात लेझीम चाललं होतं. आमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत आबा एकटे भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले होते. बाजूला वाटी होती. आईची कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवलेली, आणि त्यांच्या हातात काडीला गुंडाळलेला कापूस. ते फोटोतला म रंगवत होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मागे बघितलं नाही. म्हणाले, आज सण आहे, म्हटलं जरा उजळावा.

मी जवळ जाऊन बघितलं. पाण्यातली नीळ वर्तमानपत्राच्या कागदावर फुटते, हे मला पत्रा कापायच्या आधीपासून माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. ती जाळीवर पसरली होती, खेळाडूच्या हातावर, सदऱ्यावर, खाली बक्षिसाच्या कपावर. म कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते आता ओळखू येत नव्हतं.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, झाला. त्यांच्या हातातली काडी घेतली, वाटीत बुडवली आणि जो थोडा कागद कोरा राहिला होता तोही निळा केला.